मुंबईचा रुपया, नवी मुंबईचा रुपया

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी हवाई वाहतूक, भारत सरकार
यांस,

मी पनवेलची. तीस वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या वर्गात उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशा गावांतली मुलं असत. त्यांना मक्तेदारी समजावून सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नसे. खाडीपलीकडे जायला एकच होडी असेल तर होडीवाला सांगेल तो दर द्यावा लागतो, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसरी होडी आली की दर कसा खाली येतो तेही माहीत होतं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, दुसरी होडी पहिल्याच माणसाने घेतली तर?" तेव्हा मी त्याला पुस्तकातलं उत्तर दिलं. आज त्याच्या गावाच्या जागेवर धावपट्टी आहे, आणि त्याचा प्रश्न मी आपल्याला विचारते आहे.

आपल्या खात्याचे कॅबिनेट मंत्री श्री. राममोहन नायडू आहेत. तरीही पत्र आपल्याला लिहिते. आपण मराठी वाचता, आपण पुण्याचे खासदार आहात आणि आपल्याकडे सहकार खात्याचंही राज्यमंत्रिपद आहे. या तिन्ही गोष्टींचा माझ्या विषयाशी संबंध आहे.

आधी एक कबुली. विमानतळ खासगी कंपनीने चालवू नये, असं माझं म्हणणं नाही. १९८६ साली माझा मोठा भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला, तेव्हा आम्ही टेम्पो करून सोळा जण सहारला गेलो होतो. त्या काळी कोकणातलं प्रत्येक घर आपल्या माणसाला असंच सोडायला यायचं. सामानाच्या रांगा, बंद पडलेले पंखे, स्वच्छतागृहांचा वास, आणि कोणाला काय विचारायचं हे कोणालाच ठाऊक नाही. २०१४ साली त्याच सहारला नवं टर्मिनल २ उघडलं. त्या वर्षी भाऊ सुट्टीवर आला तेव्हा भिंतींवरच्या आपल्या देशभरातल्या जुन्या कलावस्तू बघत तो अर्धा तास तिथेच रेंगाळला होता. आम्ही बाहेर वाट बघत होतो. २००६ साली खासगीकरण झालं तेव्हा मुंबईतून वर्षाला दोन कोटींच्या आत प्रवासी जात-येत. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेपाच कोटींच्या घरात गेला, आणि तोही एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर, म्हणजे खऱ्या अर्थाने एका वेळी एकाच धावपट्टीवर. प्रवासी वाढण्याचं श्रेय स्वस्त विमानसेवांना आणि वाढत्या उत्पन्नालाही आहे. पण एवढी गर्दी त्या तुटपुंज्या जागेत हाताळणं हे सोपं काम नव्हे. ते झालं, हे मी मान्य करते.

मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न पैशाच्या वाटणीत आहे, आणि ती समजून घ्यायला विमानतळ कमावतं कसं हे आधी पाहावं लागतं.

विमानतळाला दोन गल्ले असतात. पहिल्या गल्ल्यात विमान उतरवण्याचं भाडं, विमान उभं करण्याचं भाडं आणि प्रवाशाच्या तिकिटात बेमालूम मिसळलेली युजर डेव्हलपमेंट फी, म्हणजे यूडीएफ, जमा होते. दुसऱ्या गल्ल्यात दुकानं, खाणंपिणं, जाहिराती, पार्किंग, ड्युटी फ्री यांचं भाडं पडतं. पहिल्या गल्ल्यावर सरकारने नेमलेल्या नियामकाचं, म्हणजे एराचं, नियंत्रण असतं. दुसऱ्यावर नसतं. आता दुसरा गल्ला भरतो तो कशामुळे? माणसं विमानासाठी येतात म्हणून. चहाची तहान लागली म्हणून कोणी सांताक्रूझच्या टर्मिनलमध्ये जात नाही. म्हणून जगात काही ठिकाणी दोन्ही गल्ले एकत्र मोजतात आणि दुकानांचा सगळा नफा प्रवाशाची फी कमी करायला वापरतात. मुंबई-दिल्लीच्या करारात मधला मार्ग काढला गेला: दुकानांच्या उत्पन्नातले ३० टक्के प्रवाशाच्या बाजूला, ७० टक्के चालक कंपनीकडे. २०१६ च्या राष्ट्रीय हवाई वाहतूक धोरणाने हाच मार्ग पुढच्या सगळ्या विमानतळांसाठी कायम केला. यावर पुन्हा मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी. पण तो भाग इथे तसाच सोडून पुढे जाते.

पहिल्या गल्ल्याचा दर ठरवण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. कंपनीने बांधकामात घातलेलं भांडवल धरायचं, त्यावर ठरावीक परतावा द्यायचा (सुरुवातीच्या वर्षांत भागभांडवलावर १६ टक्के), चालवण्याचा खर्च मिळवायचा, दुकानांचे ३० टक्के वजा करायचे आणि जे उरेल ते प्रवाशांवर वाटायचं. यात एक तिढा आहे. जितकं बांधकाम महाग, तितकी परताव्याची रक्कम मोठी. मुंबईच्या प्रकल्पाचा अंदाज ९,८०२ कोटींवरून १२,३८० कोटींवर गेला तेव्हा ही वाढ अखेर विमानात बसणाऱ्या माणसानेच सोसली. मुंबईत वर्षानुवर्षं देशांतर्गत प्रवाशाला १०० आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाला ६०० रुपये विकास शुल्क भरावं लागलं. त्यातला सुरुवातीचा काळ तर नियामकाने दर ठरवण्याआधीचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बोट ठेवलं आणि नियामकाने ठरवल्याशिवाय असं शुल्क घेता येणार नाही असं सांगितलं.

हे असं का झालं? कारण क्रम उलटा होता. मुंबई-दिल्लीची विमानतळं मे २००६ मध्ये कंपन्यांच्या हाती गेली आणि एरा २००९ साली स्थापन झाली. मधली तीन वर्षं करार होता, पण तो पाहणारं कोणी नव्हतं. त्या तीन वर्षांचं ओझं अजून उतरलेलं नाही. नियमन सुरू झालं तेव्हा जुन्या मालमत्तेची मूळ किंमत किती धरायची, ती काढताना दुकानांसारख्या व्यवसायाचं उत्पन्न मोजायचं की नाही, यावर आजही खटला चालू आहे. जुलै २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने विमानतळ कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एरा सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल काहीही लागो. २००८ साली प्रवास केलेल्या माणसाकडून आता कोणी पैसे घेणार नाही. जे काही निघेल ते पुढच्या दहा वर्षांत बसणाऱ्यांकडून, म्हणजे कदाचित आज शाळेत असलेल्या मुलांकडून वसूल होईल.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

२००६ साली मुंबईची बोली लागली ती महसुलातल्या वाट्यावर. जिंकणाऱ्या कंपनीने कबूल केलं की एकूण महसुलातले ३८.७ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देईन. दिल्लीत हाच आकडा ४५.९९ टक्के होता. हे पैसे नफ्यातून नव्हेत, पहिल्या रुपयापासून द्यायचे असतात, आणि ते खर्च म्हणून दाखवून प्रवाशाच्या फीमध्ये चढवता येत नाहीत. ही अट चांगली होती आणि ती घालणाऱ्या अधिकाऱ्यांचे आपण ऋणी असायला हवं. याशिवाय मुंबईच्या कंपनीत प्राधिकरणाचे २६ टक्के भाग आहेत.

२०१७ साली नवी मुंबईची बोली लागली. तिथे जिंकणारा आकडा १२.६० टक्के होता, आणि ते पैसे सिडकोला, म्हणजे राज्य सरकारच्या महामंडळाला, मिळायचे. सिडकोचेही कंपनीत २६ टक्के भाग आहेत. जिंकणारी कंपनी कोण? मुंबई विमानतळ तेव्हा जी चालवत होती तीच. २०२१ साली मुंबईच्या कंपनीची मालकी बदलून अदानी समूहाकडे गेली आणि नवी मुंबईही तिच्याबरोबर गेली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटायला लागली.

म्हणजे आज एकाच समूहाला मुंबईत मिळालेल्या एका रुपयातले ३८.७ पैसे सरकारी प्राधिकरणाला द्यावे लागतात आणि ६१.३ पैसे स्वतःकडे राहतात. तोच रुपया नवी मुंबईत मिळाला तर बोलीनुसार १२.६ पैसे द्यायचे आणि ८७.४ पैसे राहतात.

मोहोळसाहेब, एवढंच वाक्य मला या पत्रात खरोखर लिहायचं होतं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

वर्गात मी आकडे मांडून दाखवायचे, तसंच दाखवते. एका प्रवाशामागे विमानतळाला दोन्ही गल्ल्यांत मिळून ६०० रुपये मिळतात असं आपण हिशेबापुरतं धरू. प्रवासी मुंबईतून गेला तर त्यातले २३२ रुपये प्राधिकरणाकडे जातात. नवी मुंबईतून गेला तर ७६ रुपये सिडकोकडे. फरक १५६ रुपयांचा. वर्षाला एक कोटी प्रवासी मुंबईकडून नवी मुंबईकडे वळले तर सार्वजनिक तिजोरीतले दीडशे कोटींहून अधिक रुपये दर वर्षी कमी होतात, आणि तेही कोणी नियम मोडला नसताना, कोणी लबाडी केली नसताना. प्रवासी कुठे वळवायचे याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याला या फरकाचा मोह पडू नये, अशी अपेक्षा अर्थशास्त्र ठेवत नाही. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. भागधारकांच्या पैशाची जबाबदारी असलेली कंपनी असा विचार करणारच. तो न करणं हीच तिची चूक ठरेल.

यावर मला उत्तर ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. नवी मुंबईचा पहिला टप्पाच १९,६५० कोटी रुपयांचा आहे. दलदलीत भराव, उलवे टेकडी कापून सपाट करणं, उलवे नदीचा प्रवाह वळवणं, अशा जागी कोणी ३८ टक्के देऊ केले नसते. नवं विमानतळ, थोडे प्रवासी आणि प्रचंड भांडवल, त्यामुळे तिथली फीही जास्त. मुंबईत देशांतर्गत प्रवाशाला जाताना १७५ आणि येताना ७५ रुपये यूडीएफ. नवी मुंबईसाठी एराने सुरुवातीला तात्पुरते ठरवलेले दर जाताना ६२० आणि येताना २७०. दोन्ही मिळून मुंबईत २५०, नवी मुंबईत ८९०. साडेतीन पटींहून जास्त. या दरात अन्याय आहे असं मी म्हणत नाही. भांडवलाच्या हिशेबाने तो तसाच निघेल. पण दोन्ही विमानतळांचे मालक वेगळे असते तर काय झालं असतं, ते विचारा. नवी मुंबईवाल्याने विमान कंपन्यांना बोलावण्यासाठी उतरण्याचं भाडं कमी केलं असतं, पनवेलपर्यंत बस सोडल्या असत्या, कदाचित काही वर्षं तोटा सोसून प्रवासी ओढले असते. मुंबईवाल्याला आपले प्रवासी टिकवण्यासाठी सेवा सुधारावी लागली असती. आज दोन होड्या आहेत आणि मालक एक. मुंबईचं टर्मिनल १ पाडून नव्याने बांधायचं आणि तिथले प्रवासी नवी मुंबईकडे वळवायचे, असं ठरलं आहे. ते जुनं टर्मिनल पाडायला हवं हे कोणीही मान्य करेल. पण कधी, किती वर्षं आणि किती प्रवासी, हे ठरवताना ६१ पैसे आणि ८७ पैसे यांचा हिशेब जिच्या खिशात आहे ती कंपनीच टेबलाच्या एका बाजूला बसते. दुसऱ्या बाजूला प्रवाशाच्या वतीने कोण बसतं, हे मला कळत नाही.

हे टाळता आलं नसतं का? इथे २००६ च्या करारांतल्या एका कलमाबद्दल लिहायला हवं, कारण त्याची चर्चा फार कमी झाली. जुन्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवं विमानतळ निघालं तर जुन्या चालकाला पहिली संधी द्यायची. त्याची बोली सर्वोच्च बोलीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर त्याने बरोबरी करायची आणि काम घ्यायचं. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं. पण तुम्ही बाहेरची कंपनी आहात असं धरा. वर्षभर अभ्यास करायचा, सल्लागारांना पैसे द्यायचे, माती तपासायची, आणि शेवटी तुमचा आकडा बघून दुसऱ्याने तो उचलायचा. किती जण येतील? नवी मुंबईत शेवटी दोनच आर्थिक बोल्या उरल्या: १२.६० आणि १०.४४. मुंबईवाल्याला ते कलम वापरायची गरजही पडली नाही. ज्याला पहिली संधी आहे त्याच्याविरुद्ध लढायला मुळातच कमी लोक उतरतात, आणि कमी लोक उतरले की सार्वजनिक वाटाही खाली येतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या चालकालाही दुसऱ्या विमानतळाची अशीच पहिली संधी होती. २०१७ साली त्याने ती नाकारली, आणि तिथल्या सरकारने स्वतः कंपनी काढून विमानतळ बांधायला घेतलं. म्हणजे नव्या विमानतळाचा मालक जुन्यापासून वेगळा असू शकतो आणि विमानतळही उभं राहू शकतं.

इंग्लंडची गोष्ट तर आपल्याला अधिक उपयोगी आहे. १९८७ साली तिथल्या सरकारने हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड आणि स्कॉटलंडमधली विमानतळं एकाच कंपनीत घालून ती कंपनी शेअर बाजारात विकली. एकत्र विकली म्हणून भाव चांगला आला. त्यानंतरची वीस वर्षं मात्र लंडनच्या प्रवाशाला हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड यांच्यात खरी निवड उरली नाही, कारण तिन्ही विमानतळांचा मालक एकच. शेवटी २००९ साली तिथल्या स्पर्धा आयोगाने कंपनीला गॅटविक, स्टॅन्स्टेड आणि एडिंबरा किंवा ग्लासगोपैकी एक विकायला लावलं. वीस वर्षं लागली, पण चूक दुरुस्त झाली. आपल्याकडे ती चूक व्हायच्या आधीच सांगितली गेली होती. २०१८-१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम आणि मंगळुरू ही सहा विमानतळं ५० वर्षांसाठी द्यायचं ठरलं तेव्हा वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने सुचवलं होतं की एका बोलीदाराला दोनपेक्षा जास्त देऊ नयेत. ती सूचना स्वीकारली गेली नाही. सहाही एकट्या अदानी समूहाला मिळाली. त्यांनी सर्वांत जास्त बोली लावली होती, यात वाद नाही. पण सर्वांत जास्त बोली आणि सर्वांत जास्त स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच मालकाकडे सगळं गेलं तर कुठल्या विमानतळाची कामगिरी कुठल्याशी तोलून पाहायची, हा प्रश्न नियामकापुढेही उभा राहतो.

गोव्यात नेमकं उलट घडलं. जुनं दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर, नागरी भाग प्राधिकरणाकडे. मोपाचं नवं विमानतळ जानेवारी २०२३ पासून खासगी कंपनीकडे, महसुलातले ३६.९९ टक्के गोवा सरकारला द्यायच्या बोलीवर. विमान कंपन्या मोपाकडे सरकल्या आणि दक्षिण गोव्यातले टॅक्सीवाले, छोटे हॉटेलवाले घाबरले. त्यांची भीती खरी आहे. पण तिथे विमान कंपनीला दोन दारं ठोठावता येतात, आणि एक दार बंद होतंय असं दिसलं की दक्षिणेतली माणसं सरकारला जाब विचारू शकतात, कारण दाबोळी त्यांचंच आहे. मुंबईत आम्हाला हा जाब कोणाला विचारायचा ते कळत नाही.

आता हे दीडशे कोटी कमी झाले तर बिघडलं कुठे, असं आपले अधिकारी विचारतील. बिघडेल ते कोल्हापुरात, जळगावात, गोंदियात, सोलापुरात. ही विमानतळं प्राधिकरणाची आहेत. मोठ्या शहरांच्या विमानतळांनी मिळवलेल्या पैशातूनच प्राधिकरण ती चालवत आलं आहे. कोल्हापूरला मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, सोलापुरातून २०२५ साली पुन्हा विमान उडालं. अशा जागी खासगी कंपनी स्वतःहून येत नाही, आणि आली तरी टिकत नाही. हे आपण महाराष्ट्रात दोनदा पाहिलं. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचं उस्मानाबाद ही पाच विमानतळं २००९ साली एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जगभरातून माणसं येतात, तरीही विमानं मधली काही वर्षं बंदच राहिली. सिंधुदुर्गात चिपीला खासगी कंपनीने विमानतळ बांधलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये गाजावाजाने उघडलं, आणि पुढे मुंबईचं विमान बंद पडलं. मालवणहून मुंबईला डायलिसिसची वेळ गाठायला निघालेल्या माणसाला पुन्हा कोकण रेल्वेचाच आधार राहिला. यात कंपन्यांना दोष देऊन उपयोग नाही. जिथे प्रवासी कमी तिथे नफा नाही, हे साधं आहे. म्हणूनच मुंबईच्या रुपयातले ३८.७ पैसे महत्त्वाचे आहेत. ते पैसे म्हणजे मुंबईच्या गर्दीने गोंदियाला दिलेला हात आहे.

केंद्राने हे ओळखलं नाही असं नाही. पुढच्या टप्प्यात मोठ्या विमानतळाला छोटी विमानतळं जोडून द्यायची, जसं वाराणसीबरोबर कुशीनगर आणि गया, अशी योजना आहे. मला ही कल्पना आवडते. फक्त करारात छोट्या विमानतळावर किमान किती फेऱ्या, किती वर्षं आणि न झाल्यास काय, हे लिहिलेलं असायला हवं. नाहीतर मोठं चालेल आणि छोट्याच्या दाराला कुलूप लागेल.

नागपूरबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण विदर्भातल्या वाचकांना ती गोष्ट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे: महसुलातल्या वाट्याची बोली ५.७६ टक्क्यांवर आली, वाटाघाटीत १४.४९ टक्क्यांवर गेली, मग सरकारने तीही रद्द केली, कंपनी कोर्टात जिंकली, आणि करार व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. या सगळ्या वर्षांत प्रवासी त्याच जुन्या टर्मिनलमध्ये उभे होते.

आता पुरंदर. हे आपल्या पुण्याचं आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीवर विमानतळ येणार. खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. तिथल्या लोकांचा विरोध आपण जवळून पाहिला असेल. आमच्या दहा गावांत मी तसाच पाहिला. आम्हाला साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज मिळालं, विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यायचं राज्याने ठरवलं. ते दोन्ही लोकांनी लढून मिळवलं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भूखंडाचं इरादापत्र हाती आलं तेव्हा ते म्हणाले होते, "मास्तरीणबाई, जमीन गेली, प्लॉट आला, पण विमानतळात आमचं काय?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

पुरंदरला ते देता येईल. कोचीचं विमानतळ १९९९ साली उघडलं. ते निव्वळ सरकारीही नव्हतं आणि एका उद्योगसमूहाचंही नव्हतं. केरळ सरकार, बँका आणि सुमारे तीस देशांत विखुरलेले दहा हजारांहून अधिक मल्याळी, आखातातले नोकरदार, परिचारिका, दुकानदार, यांनी भाग घेऊन ते उभं केलं. ते नफ्यात चालतं, भागधारकांना लाभांश देतं, आणि २०१५ पासून स्वतःला लागणारी वीज सूर्यापासून बनवतं. ज्या राज्याने साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक शेतकऱ्याच्या भागभांडवलावर उभी केली, त्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये. सहकारात काय बिघडलं तेही आपल्याला माहीत आहे, म्हणून तसाच सहकार नको, कंपनीच असू दे. पण सात गावांच्या खातेदारांचं नाव तिच्या भागधारकांच्या यादीत असू दे. सहकार आणि हवाई वाहतूक ही दोन्ही खाती एकाच टेबलावर असलेला मंत्री हे करू शकतो.

आणि ते विमानतळ चालवायला देण्याची वेळ येईल तेव्हा मुंबईच्या किंवा नवी मुंबईच्या चालकाला ते देऊ नका. पुणे, मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये द्रुतगती मार्ग आहे. उद्या पिंपरीचा माणूस तिन्हींतलं कुठलंही विमानतळ निवडू शकेल. ती निवड खरी असावी. बोलीच्या अटींतच तसं लिहा, आणि पहिल्या संधीचं कलम यापुढे कुठल्याच करारात नको.

मुंबई आणि नवी मुंबईचे करार आता मोडता येणार नाहीत, मोडूही नयेत. सरकारने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. पण मुंबईची पहिली ३० वर्षं २०३६ साली संपतात आणि पुढच्या ३० वर्षांच्या मुदतवाढीचं बोलणं त्याआधीच सुरू होईल. तोवर एक करता येईल. मुंबईतून नवी मुंबईकडे विमान हलवण्याचा प्रत्येक निर्णय, वेळापत्रकातली जागा, जिला स्लॉट म्हणतात, तिच्या वाटपासह, चालक कंपनीच्या बाहेरच्या कोणीतरी घ्यावा आणि त्याची कारणं लेखी, मराठीत आणि इंग्रजीत, लोकांपुढे ठेवावीत. आणि तिमाहीला एक कागद प्रसिद्ध व्हावा: दोन्ही विमानतळांचा महसूल किती, त्यातला सार्वजनिक वाटा किती, किती प्रवासी इकडून तिकडे गेले. हे आकडे कंपनीच्या हिशेबात आणि प्राधिकरणाच्या दप्तरात आहेतच. फक्त ते एका पानावर शेजारी शेजारी छापायचे आहेत.

आपल्याला वेळ नसेल हे मी समजते. म्हणून माझा प्रश्न एकाच आकड्यात उत्तर देता येईल असा ठेवते. २५ डिसेंबर २०२५ पासून पुढच्या बारा महिन्यांत मुंबईतून नवी मुंबईकडे वळलेल्या प्रवाशांमुळे प्राधिकरणाच्या वाट्यात किती रुपयांचा फरक पडतो? आकडा आला की मी तो कोंबडभुज्याच्या माझ्या त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला दाखवणार आहे. तो आता विमानतळावर सामान चढवण्याच्या कंत्राटात काम करतो, आणि त्याने मला परवाच पुन्हा विचारलं.

आपली,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका
पनवेल